ओल्या चादरींचं वजन

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या हॉस्पिटलचंही काम मिळालं! आजपासून चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं आमच्याच धुलाईखान्यात येणार. हे असते तर तोंडाने काही बोलले नसते, नुसते घरभर येरझाऱ्या घालत राहिले असते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा जो तो सांगत होता, विकून टाका, हे बाईमाणसाचं काम नाही. आता काम दुप्पट झालंय आणि सांगणारे सगळे गप्प आहेत.

आजपासून ही वही लिहायची ठरवलंय. लेक परगावी असते, फोनवर "हं, हं" करते आणि मध्येच कोणाशी तरी वेगळंच बोलते. वही निदान मध्ये बोलत नाही.

दुपारी सगळ्यांना एकत्र बोलावून बातमी सांगितली. मशीनं चालवणारे आणि दुरुस्तही करणारे आमचे मिस्त्री म्हणाले, "बाई, काम दुप्पट, पण हात तेवढेच." मी म्हटलं, "हात तेवढेच असले तरी त्यात आपली पैलवान आहे ना!" सगळे खो खो हसले. पैलवानही हसली.

पैलवान म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई. एकोणीस वर्षं झाली तिला. धुलाईच्या मशीनमधून काढलेल्या ओल्या चादरींचा भरला टब ती एकटी उचलते आणि पिळायच्या मशीनपर्यंत नेऊन ओतते. नाव ह्यांनीच ठेवलेलं. कोणी पाहुणा आला की हे त्याला मुद्दाम आत नेऊन दाखवायचे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्रींनी आज तिसऱ्यांदा ढकलगाडीच्या चाकाचं रडगाणं गायलं. "बाई, तीन चाकांची गाडी जागच्या जागी गिरक्या घेते. टब न्यायचा कसा?" सांगितलं, जरा घडी बसू दे, मग नवी घेऊ. माणूस कामाचा आहे, पण तक्रारीशिवाय त्याला जेवण पचत नाही.

हॉस्पिटलची माणसं पाहणीला येणार आहेत. ऑफिसच्या खिडक्या फार उघड्याबोडक्या दिसतात. पडदे हवेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पैलवान आज कमरेला फडकं आवळून आली होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाई, जरा धरलीय." माझ्याकडची शेकायची रबरी पिशवी तिला दिली. "अगं, घरी जाऊन शेक, आराम वाटेल." तिला फार बरं वाटलं असावं, दोनदा मान हलवली. आपण माणसं सांभाळली तर माणसं आपल्याला सांभाळतात, असं हे म्हणायचे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पैलवान पडली.

सकाळी अकराच्या सुमाराला. मी ऑफिसात पडद्याचं माप घेत होते. आतली यंत्रं चालू असली की काही ऐकू येत नाही. मिस्त्री दारात आले आणि नुसतेच उभे राहिले. मग मी धावले.

पिळायच्या मशीनपाशी ओल्या चादरी पसरल्या होत्या आणि त्यांच्यात ती कुशीवर पडली होती. रडत नव्हती. चेहरा मात्र चादरीसारखा पांढरा. म्हणाली, "बाई, पाय कुठे गेला माझा?" पाय होता तिथेच होता, तिला तो जाणवत नव्हता. टब उचलून वळली, तेवढ्यात कमरेत काहीतरी कटकन मोडल्यासारखं झालं, म्हणाली.

आम्ही जिथल्या चादरी धुतो त्याच हॉस्पिटलात नेलं. ज्या खाटेवर निजवलं त्या चादरीवर आमचाच शिक्का होता. डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली गादी सरकलीय, शीर दाबली गेलीय. डाव्या पायाला संवेदना नाही. आधी औषधं, नाही भागलं तर ऑपरेशन.

एकटीने कशाला उचललं तिने? दोघींनी उचलत जा, असं मी सांगितलं होतं. सांगितलं होतं ना? सांगितल्यासारखं आठवतंय.

१ मार्च, शनिवार

भावजी येऊन गेले. ह्यांचे धाकटे भाऊ. कोर्टकचेरीची, विम्याची सगळी कागदपत्रं तेच बघतात. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कोणाला काही लिहून दिलं नाहीत ना?" नाही म्हटलं. "मग काळजी नको. तिला कमरेचं जुनं दुखणं होतं, आणि सूचना देऊनही तिने ऐकलं नाही. या दोन गोष्टी धरून ठेवा."

त्यांच्या सांगण्यावरून बोर्ड करून आणला. 'जड ओझे एकट्याने उचलू नये.' पिळायच्या मशीनवर लावला. अक्षर ठळक, लाल. लांबूनही दिसतो.

मिस्त्री बोर्डासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बाई, दुसरा कुठून आणायचा तेही लिहायचं होतं खाली. जागा आहे."

या माणसाला कधी काय बोलावं ते कळत नाही.

५ मार्च, बुधवार

पैलवान घरी आलीय, म्हणून भेटायला गेले. फळं नेली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अरुंद आणि उभा. तिला खुर्चीत बसवून चार शेजाऱ्यांनी वर चढवलं म्हणे. लाकडी फळीवर पातळ गादी टाकून निजवलंय. एकोणीस वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच गेले, हे जिना चढताना लक्षात आलं. पण कामच एवढं असतं की माझं आपल्या सख्ख्या बहिणीकडेही जाणं होत नाही.

मला बघून ती उठायला गेली. मी "अगं पड, पड" म्हणेपर्यंत घामाघूम झाली. म्हणाली, "बाई, ऐन घाईत तुमचं काम अडलं. माझंच चुकलं. पाय जरा वाकडा पडला." ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. भावजी उगाच भीती घालतात. एवढ्या वर्षांचं नातं असं तुटत नसतं.

निघाले तर तिची मुलगी जिन्यापर्यंत आली. औषधांच्या दुकानात काम करते. लहानपणी आमच्या धुलाईखान्यात कोरड्या चादरींच्या ढिगावर झोपायची आणि मला काकू म्हणायची.

"मॅडम," ती म्हणाली, "आई तुम्हाला काही बोलणार नाही, म्हणून मी सांगते. मी कामगार कार्यालयात अर्ज दिलाय. कामावर दुखापत झाली तर जबाबदारी मालकाची असते."

"अगं, मी नाही कुठे म्हणतेय? मी बघेन की तिचं सगळं."

"बघाल हो. पण तुमच्या मनात आलं म्हणून नको. तिचा हक्क आहे म्हणून हवंय."

मॅडम म्हणाली मला. घरी येऊन चहासुद्धा घ्यावासा वाटला नाही.

११ मार्च, मंगळवार

पैलवानच्या जागी दोघी लागल्या, तरी काम मागे पडतंय. त्यातल्या एकीचं आज दुपारी मनगट दुखावलं. हल्लीच्या बायकांमध्ये ताकदच नाही.

पंचवीस तारखेला कामगार निरीक्षक येणार, असं पत्र आलंय.

१५ मार्च, शनिवार

भावजींनी एक कागद तयार करून आणला. 'ओझे सुरक्षितपणे उचलण्याचे प्रशिक्षण मला देण्यात आले असून एकटीने जड वस्तू न उचलण्याची सूचना मला समजली आहे.' खाली मागच्या वर्षीची, जूनमधली तारीख. बाकी आठ जणांच्या सह्या त्यांनी दुपारपर्यंत घेतल्यासुद्धा. कोणी काही विचारलं नाही. मिस्त्रींनी सही केली आणि कागदाकडे न बघता पेन परत दिलं.

"पैलवानची सही तुम्ही घ्या, वहिनी," भावजी म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर नाही ती."

तारीख मागची आहे, हे बरोबर नाही, हे मला कळतं. पण शिकवलं नव्हतं असं तरी कसं म्हणायचं? एवढी वर्षं रोज उचलत होती, त्यातच शिकली असणार.

१७ मार्च, सोमवार

कागद घेऊन गेले होते. मुलगी कामावर होती, मुद्दाम ती वेळ बघून गेले. हेही लिहून ठेवते.

पैलवान आता भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाते. पाऊल घासत टाकते. चप्पल पायातून निसटली तरी तिला समजत नाही, मागे वळून बघितल्यावर कळतं. मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावून सावकाश वाचला, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून.

"करते सही, बाई," म्हणाली. "पण एक सांगून ठेवा. शिकवलं कोणी म्हणायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे साहेबांनी विचारलं तर नाव काय सांगू? मिस्त्रींचं सांगू? आणि शिकवलं काय, तेही सांगा. पाठ करून ठेवते. उगाच माझ्यामुळे तुम्ही खोट्यात पडायला नको."

ती अगदी मनापासून विचारत होती. माझ्याकडे बघत, पेन हातात धरून वाट पाहत होती. शाळेत धडा विचारण्याआधी मुली बाईंकडे बघतात तशी.

मला नाव सांगता येईना. काय शिकवलं, तेही सांगता येईना. शेवटी म्हटलं, "राहू दे आज, मग बघू." कागद पर्समध्ये घातला. ती म्हणाली, "बाई, चिडलात का?"

आम्ही दोघी एकाच वयाच्या. तिच्या नोकरीच्या अर्जावर जन्मतारीख पाहिली, ती सहा महिन्यांनी मोठीच आहे. ती मला अहो-जाहो करते आणि मी तिला अगं-तुगं.

१८ मार्च, मंगळवार

भावजींचा फोन. "सही झाली?" म्हटलं, राहिली. "राहिली म्हणजे?" म्हटलं, राहिली म्हणजे राहिली.

१९ मार्च, बुधवार

दुपारी सगळे जेवायला मागच्या खोलीत गेले तेव्हा मी मशीनपाशी गेले. धुलाई नुकतीच संपली होती. झाकण उघडून एकेक चादर टबात टाकली. पैलवान भरायची तेवढाच भरला, काठाच्या वर दोन चादरी. मग पदर खोचला, वाकले आणि दोन्ही कड्या धरल्या.

टब हलला नाही. चिखलात रुतल्यासारखा तिथेच. पुन्हा जोर लावला. एक कड जरा वर आली आणि चपलेवर पाणी सांडलं. कमरेतून कळ गेली, तसा सोडून दिला. मग चादरी काढून निम्मा केला, तेव्हा कुठे गुडघ्यापर्यंत आला. दोन पावलं गेले आणि ठेवला.

मिस्त्री कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. ते मालाचा वजनकाटा ओढत घेऊन आले. दोघांनी मिळून टब पुन्हा भरला आणि काट्यावर चढवला. एकेचाळीस किलो.

"दिवसाला किती टब?" मी विचारलं.

"आधी तीस-पस्तीस. नवं काम आल्यापासून साठाच्या वर."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने घरचा पत्ता विसरल्यावर त्याच्याकडे बघावं, तसं. मग म्हणाले, "जेवून घ्या बाई, दोन वाजले," आणि टब रिकामा करायला लागले.

सांगितलं होतं त्यांनी. या वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. संध्याकाळी मागची पानं चाळून पाहिली. रडगाणं, असा शब्द वापरलाय मी.

२३ मार्च, रविवार

दिवसभर घरीच. लेकीला फोन करून सगळं सांगितलं. यावेळी तिने "हं, हं" केलं नाही. म्हणाली, "आई, काकाचं ऐकलंस तर तू सुटशील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर नाही सुटणार. पण तुला ठाऊक आहेच ना काय करायचं ते. मग मला कशाला विचारतेस?"

मला काहीच ठाऊक नाही. धुलाईखाना बंद पडला तर आठ जणांचं काय? ह्यांनी उभं केलेलं सगळं माझ्या हातून जाईल. आणि लोक म्हणतील, बघा, सांगत होतो. खरं लिहायचं तर आठ जणांपेक्षा या शेवटच्या वाक्याचीच मला जास्त भीती वाटतेय.

२५ मार्च, मंगळवार

निरीक्षक म्हणजे कोणी जाडजूड साहेब असेल असं वाटलं होतं. आली एक बारीकशी बाई, कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. चहा नको म्हणाली. धुलाईच्या मशीनपासून पिळायच्या मशीनपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. जमीन ओली होती, तिथे बूट घासून पाहिला. कोपऱ्यातली मोडकी ढकलगाडी पुढे-मागे करून पाहिली, ती गिरकी घेऊन तिच्याच पायाशी आली.

मग ऑफिसात बसलो. भावजी माझ्या शेजारी, फाइल उघडून.

"सूचनेचा बोर्ड कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"सुरुवातीपासून," भावजी म्हणाले.

ती लिहायला लागली. मी तिच्या पेनाकडे बघत होते. "सुरुवा" एवढं लिहून झालं होतं.

"एक मार्चला लावला," मी म्हटलं. "ती पडल्यावर दोन दिवसांनी."

भावजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच जोरात दिला.

"प्रशिक्षण?"

"कोणालाच दिलेलं नाही. एक कागद आहे, त्यावर मागची तारीख आहे. तो खोटा आहे. सह्या आम्ही घेतल्या, त्यात कामगारांचा दोष नाही. गाडी मोडल्याचं मला तीनदा सांगितलं होतं."

"कमरेचं जुनं दुखणं?"

"होतं की. आमच्याकडेच झालेलं. आठवडाभर आधी तिची कंबर धरली होती. ते मला दिसलं होतं आणि मी तिला शेकायची पिशवी दिली."

तिने पेन थांबवलं. "पिशवी दिलीत. टब उचलणं नाही थांबवलंत?"

"नाही."

एवढंच विचारलं तिने. ओरडली नाही की उपदेश केला नाही. जाताना म्हणाली, "बहुतेक जण म्हणतात, तिला सवय होती. तुम्ही म्हणाला नाहीत." मी ते म्हणणार होते. आठवडाभर तोच तर विचार करत होते.

भावजी उठले. "वहिनी, दादाने आयुष्य घातलं यात," एवढं म्हणाले आणि फाइल टेबलावरच ठेवून गेले.

८ एप्रिल, मंगळवार

पैलवानचं ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसले होते, मुलगी समोरच्या बाकावर. चार तास. मध्ये एकदा तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

२ मे, शुक्रवार

दुसऱ्या हॉस्पिटलचं काम परत केलं. आहेत त्या माणसांत ते होण्यासारखं नव्हतंच. पत्र पोस्टात टाकून आल्यावर गाढ झोप लागली, भर दुपारी, खुर्चीतच.

दोन नव्या ढकलगाड्या आल्या. मशीनच्या तोंडाच्या उंचीच्याच आहेत, म्हणजे चादरी सरळ ओढून घ्यायच्या, उचलायचं नाहीच. मिस्त्री एक गाडी इकडून तिकडे ढकलत राहिले. म्हणाले, "बाई, आवाजच नाही हो हिचा!" माणसाला आनंद झाला की तो किती तरुण दिसतो.

१९ जून, गुरुवार

निकालाचा कागद आला. जबाबदारी पूर्णपणे मालकाची, असं स्पष्ट लिहिलंय. कामगाराची चूक नाही. तिला भरपाई, उपचाराचा सगळा खर्च, आणि खोट्या कागदाबद्दल आम्हाला वेगळा दंड. धुलाईखाना चालू ठेवायला हरकत नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी होईल.

वाचून हलकं वाटलं. उद्या स्वतः जाऊन पैलवानला सांगेन. तिलाही बरं वाटेल. कदाचित म्हणेल, बाई, तुम्ही होतात म्हणून.

२० जून, शुक्रवार

गेले होते. ती खुर्चीत बसली होती, डाव्या पायाला आधाराची पट्टी. आता काठी घेऊन जिना उतरते, पण पाऊल पूर्वीसारखं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मुलगी स्वयंपाकघरात होती. मी कागद वाचून दाखवायला लागले, तर पैलवानने हात पुढे केला. स्वतःच वाचला, बोट धरून. 'कामगाराची चूक नाही' या ओळीवर बोट थांबलं. तिथून पुन्हा मागे गेलं आणि पुन्हा त्याच ओळीवर आलं.

मी म्हटलं, "बरी झालीस की ये परत. हलकं काम देईन, बसून करण्यासारखं."

तिने चष्मा काढला. पदराने काचा पुसत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

"बाई," ती म्हणाली, "चार महिने मी या फळीवर पडून विचार करायचे, माझा पाय वाकडा कसा पडला. रोज. पाय नीट टाकला असता तर पोरीवर ही वेळ आली नसती, तुमचं काम गेलं नसतं. स्वतःला शिव्या घालायचे. आणि चूक माझी नव्हतीच?"

"नव्हती. मी सांगितलं त्यांना तसं."

"त्यांना सांगितलंत." ती थांबली. "मला नाही सांगितलंत."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मला तुमचा राग येतोय, बाई. आज पहिल्यांदाच. एवढ्या वर्षांत कधी आला नाही, म्हणजे येऊच दिला नाही. आता कसा आवरायचा ते कळत नाही मला."

मी उठायला हवं होतं, की थांबायला, हे समजेना. पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मग ती खाली जमिनीवर ठेवली.

"आवरू नका," मी म्हटलं. "बोला तुम्ही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात खुर्चीवर ठेवले आणि कामावर आल्याच्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.